पंधरा ते पन्नास यांच्या मधली गाडी

ऑगस्टमधल्या एका सकाळी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या विक्सममध्ये औषधाच्या दुकानासमोर १९६४ ची लिंकन कॉन्टिनेन्टल उभी दिसली आणि मी माझी गाडी पुढे लावून चालत मागे आलो. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचे अप्रूप नाही. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्यांची मिरवणूकच निघते, पण तिथे येणाऱ्या बहुतेक गाड्या नव्या नवरीसारख्या नटलेल्या असतात. ही तशी नव्हती. मूळचा गडद निळा रंग बॉनेटवर आणि टपावर उडून खडूसारखा झाला होता, दारांखालचा पत्रा हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्ला होता आणि चालकाच्या सीटचे कातडे आमसुलासारखे सुरकुतले होते. मात्र पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली चकचकीत पट्टी अजूनही सरळ रेषेत होती.

मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. मी रेंगाळलेला पाहून त्यांनी आपणहून मागचे दार उघडले. या गाडीच्या मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे पुढचे आणि मागचे दार एकदम उघडले की वाड्याचा दोन फळ्यांचा दरवाजा उघडल्यासारखे वाटते. ‘लावून बघा,’ ते म्हणाले. मी दार लावले. एकच भरीव आवाज झाला, खडखड कसलीही नाही.

ही गाडी विक्सममध्येच जन्मली. १९५७ साली सुरू झालेला इथला कारखाना २००७ मध्ये बंद पडला. १९६१ मध्ये हे रूप बाजारात आले तेव्हा कंपनीने दोन वर्षांची किंवा २४,००० मैलांची हमी दिली होती, जी त्या काळी अमेरिकेत कुणी देत नव्हते, आणि प्रत्येक गाडी कारखान्याबाहेर बारा मैल चालवून पाहिली जाई. त्या दाराचा आवाज मला त्या काळजीचाच पुरावा वाटला.

गाडीवर मिशिगनची ‘हिस्टॉरिक’, म्हणजे ऐतिहासिक गाडीची, नंबरपाटी होती. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला ती मिळते. एरवी प्रदर्शने, मिरवणुका आणि दुरुस्तीनंतरची चाचणी एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढायची, पण ऑगस्टभर कुठल्याही कामाला नेण्याची मुभा असते. म्हणूनच ती औषधे आणायला आली होती.

त्याच आठवड्यात पुण्यातल्या धाकट्या भावाशी जुन्या गाड्यांवरून फोनवर वाद झाला होता. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना १ जुलै २०२५ पासून इंधन नाकारायचे ठरले आणि काही दिवसांतच ते थांबवावे लागले. भावाचे म्हणणे, हवा विषारी झाली असताना जुन्या पत्र्याचे कौतुक कसले? त्याची काळजी मला पूर्ण पटते, आणि मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी होत नाही ही इथली चूकच आहे, हेही मी त्याला सांगितले. पण धूर मोजता येत असताना केवळ जन्मसाल पाहून निकाल देणे मला पटत नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून खासगी गाडीची नोंदणी वाढवता येते. ती वाट अधिक रास्त आहे, फक्त तपासणी खरोखरची हवी.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ रूपातली गाडी पन्नास वर्षांची झाली की तिला ‘व्हिंटेज’ म्हणून मान मिळतो, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे दिल्लीच्या त्या नियमाप्रमाणे पंधराव्या वर्षी भंगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षे गाडी कुणी आणि कशाच्या बळावर सांभाळायची? ज्यांच्याकडे मोठे गॅरेज आणि पदरी मेकॅनिक आहे, त्यांच्याच गाड्या त्या मानापर्यंत पोहोचतील. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात एकेकाळी डॉज आणि प्लिमथ या अमेरिकी गाड्यांची जुळणी होई; मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी त्याच कंपनीची, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीला मर्यादा असावी, हे मी मान्य करतो. पण एखाद्या निवृत्त माणसाने घरासमोर झाकून ठेवलेल्या, महिन्यातून एकदा फिरवायच्या पद्मिनीसाठी मिशिगनच्या पाटीसारखी मर्यादित परवानगी पंचविसाव्या वर्षी द्यायला काय हरकत आहे?

निघताना मालकांना विचारले, नवा रंग देणार का? हिवाळ्यात दारांखालचा पत्रा बदलून घेणार आहेत, रंगाला मात्र हात लावायचा नाही, असे ते म्हणाले, आणि औषधाची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून त्यांनी इंजिन सुरू केले.