शर्ली टेंपलला कोणी फेकून दिलं नव्हतं

१९३० च्या दशकातली हॉलिवूडची बालतारका शर्ली टेंपल, तिच्या फोटोखाली एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की बारा वर्षांची झाल्यावर हॉलिवूडने तिला फेकून दिलं, नंतर कोणी विचारलं नाही आणि आयुष्याची माती झाली. वाचून फार वाईट वाटलं, कारण यातलं बरंचसं खोटं आहे आणि तिचं जे खरं नुकसान झालं त्याचा पत्ताच नाही.

आधी 'फेकून दिलं'चं बघू. १९३५ ते ३८ सलग चार वर्षं ती अमेरिकेत तिकीटखिडकीवर एक नंबर होती, १९४० ला 'द ब्लू बर्ड' हा पिक्चर आपटला आणि तिचा फॉक्स स्टुडिओ सुटला, इथपर्यंत ठीक. पण १९४७ मध्ये ती केरी ग्रँटसारख्या बड्या हिरोसोबत पडद्यावर आहे, १९४८ ला 'फोर्ट अपाची'त जॉन वेन आणि हेन्री फोंडासोबत आहे, ते कसं? काही पिक्चर पडले, मान्य. पण १९५० मध्ये बाविसाव्या वर्षी थांबायचं तिने स्वतः ठरवलं.

आयुष्याची माती म्हणाल तर पहिलं लग्न मोडलं, दुसरं ५४ वर्षं टिकलं, नवरा जाईपर्यंत. १९७२ ला स्तनाचा कॅन्सर झाला तर ती उघडपणे बोलली, तेव्हा बायका त्याचं नावही घेत नव्हत्या. घानात राजदूत होती. आणि चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग, तिथलं तर बघाच, १९६८ ला रशियाचे रणगाडे घुसले तेव्हा ती तिथेच अडकलेली, आणि १९८९ ला त्याच शहरात अमेरिकेची राजदूत म्हणून गेली आणि काही महिन्यांत कम्युनिस्ट सरकार कोसळताना तिने डोळ्यांनी पाहिलं. याला माती म्हणायचं?

आता खरं नुकसान. फॉक्सच्या आधी, तीन-चार वर्षांची असताना ती ज्या छोट्या फिल्म करायची तिथे पोरं ऐकेनाशी झाली की त्यांना एका काळ्या पेटीत कोंडायचे, आत बसायला फक्त बर्फाची लादी. उभं राहून पाय दुखले की त्या लादीवर टेकायचं. हे तिने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय. आणि पैसा! कमाई जवळपास ३२ लाख डॉलर, मोठेपणी हिशोब विचारला तर शिल्लक ४४ हजार. वडील बँकेत कामाला होते हो! मुलांच्या कमाईतला वाटा बाजूला ठेवायचा कायदा कॅलिफोर्नियात झाला १९३९ ला, जॅकी कूगन या बालकलाकाराची कमाई घरच्यांनीच उडवली त्या केसमुळे, तोवर शर्ली सात वर्षं कामाला जुंपलेली होती.