प्रिंट निघते, मग स्कॅनर कसा सापडत नाही?

त्याच कॉम्प्युटरवरून, त्याच वाय-फायवर, त्याच प्रिंटर-स्कॅनर मशीनवर प्रिंट खटाखट निघते. आणि स्कॅन म्हटलं की पाटी येते: ‘स्कॅनर सापडला नाही. मशीन चालू आहे आणि केबल जोडलेली आहे याची खात्री करा.’ कसली केबल? मशीन वायरलेस आहे आणि आत्ताच त्यातून कागद बाहेर आलाय! कुठे शोधलं, कोणत्या पत्त्यावर शोधलं, उत्तर आलंच नाही की येऊन वाटेत अडलं, कशाचाच थांग या कंपन्या लागू देत नाहीत.

मग हेल्पलाइनचं ठरलेलं उत्तर: ड्रायव्हर (कॉम्प्युटरला मशीनशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) काढा, रीस्टार्ट करा, परत टाका. भलंमोठं पॅकेज उतरवायचं, त्याच्यासोबत नको असलेली चार सॉफ्टवेअरं गळ्यात पडतात, आणि शेवटी परत तीच पाटी. काल चालणारा ड्रायव्हर एका रात्रीत सहसा बिघडत नाही हो! बदललेलं असतं ते नेटवर्क, आणि खापर फुटतं ड्रायव्हरवर.

प्रिंट आणि स्कॅन या एकाच डब्यात बसवलेल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्राहकाला कुणी सांगतच नाही. प्रिंटचा पोर्ट, म्हणजे प्रिंट कुठे पाठवायची याची नोंद, आयपी पत्त्यावर (मशीनच्या नेटवर्कमधल्या क्रमांकावर) बांधलेला असेल, तर कॉम्प्युटर बहुधा थेट त्या पत्त्याच्या टीसीपी ९१०० या दारावर जातो, शोधाशोध करत नाही. स्कॅनचं सॉफ्टवेअर मात्र बऱ्याचदा आधी नेटवर्कभर हाक मारतं, ‘कुणी स्कॅनर आहे का इथे?’ ही हाक मल्टिकास्टने जाते, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना ऐकू जाईल अशी. शोधण्याची पद्धत डब्ल्यूएसडी असेल तर २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर यूडीपी ३७०२, एमडीएनएस म्हणजे बोन्जूर असेल तर २२४.०.०.२५१ वर यूडीपी ५३५३. ही हाक सहसा आपल्या सबनेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या तुकड्याच्या, बाहेर जात नाही. राउटरने, फायरवॉलने (नेटवर्कच्या पहारेकऱ्याने) किंवा व्हीपीएनने ती गिळली की स्कॅनर ‘नाही’, मग तो टेबलावर समोर का असेना.

म्हणून ड्रायव्हरला हात लावायच्या आधी एकच काम करा. मशीनच्या पॅनेलवर नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन आयपी पत्ता बघा, किंवा नेटवर्क रिपोर्ट छापा. तो पत्ता कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाका. मशीनचं स्वतःचं सेटिंग पान उघडलं, तर रस्ता मोकळा आहे आणि गडबड शोधण्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. पान उघडलं नाही, तर गडबड बहुधा नेटवर्कमध्ये आहे आणि ड्रायव्हर दहादा टाकून काडीचाही फरक पडणार नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. तिथे आधी वाय-फाय नव्याने जोडायचं. एवढी साधी तपासणी हेल्पलाइनवाले पहिल्याच वाक्यात का सांगत नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा घडतं ते पत्त्याचंच. राउटर डीएचसीपीने पत्ते वाटतो आणि ते कायमचे नसतात. मशीन काही दिवस बंद राहिलं, राउटर रीस्टार्ट झाला, की काल १९२.१६८.१.७ वर असलेलं मशीन आज १९२.१६८.१.१२ वर. प्रिंटचा पोर्ट नावाने किंवा डब्ल्यूएसडीने शोधत असेल तर तो नवा पत्ता शोधून काढतो. स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना पत्ता लिहिलेला असेल तर ते मख्खपणे १.७ चंच दार ठोठावत बसतं. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या मशीनच्या मॅक पत्त्याला (त्याच्या नेटवर्क भागाच्या ओळखक्रमांकाला) एक आयपी राखून ठेवणे, डीएचसीपी रिझर्व्हेशन. मशीनमध्येच हाताने स्थिर पत्ता टाकायचा असेल तर तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा घ्या, नाहीतर तोच पत्ता उद्या एखाद्या फोनला मिळेल आणि दोघांची मारामारी. आणि मॅक पत्ता नीट बघून घ्या: वाय-फायचा वेगळा असतो, लॅन केबलचा वेगळा.

आता दुसऱ्या राउटरचा घोळ. रेंज कमी पडते म्हणून एक जादा राउटर आणतात आणि पहिल्याची केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमध्ये खुपसतात. झाली दोन नेटवर्कं! मशीन बाहेरच्या राउटरवर १९२.१६८.१ मध्ये, कॉम्प्युटर आतल्या राउटरवर १९२.१६८.० मध्ये. आतून बाहेर थेट आयपीवर प्रिंट जाते, कारण आतला राउटर ती पुढे सरकवतो. हाक मात्र त्याच्या दारातच मरते. मशीनच्या पॅनेलवरून ‘कॉम्प्युटरवर स्कॅन करा’ म्हटलं तरी तेच, कारण बाहेरून आत यायला वाटच नाही. प्रिंट चालते म्हणजे नेटवर्क उत्तम, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी ही जोडणी एकदा डोळे उघडून बघावी. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल. तो मोड नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरशी न भिडणारा ठेवा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. एकच नेटवर्क होईल. एक उपकरण गेस्ट वाय-फायवर असेल तरी निकाल तोच, कारण गेस्टवरची उपकरणं सहसा मुद्दामच बाकीच्या नेटवर्कपासून तोडलेली असतात. मुख्य वाय-फायवरही ‘एपी आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू नाही ना, ते बघा.

विंडोजचं वेगळं दुखणं. राउटर बदलला किंवा वाय-फायचं नाव बदललं की विंडोजच्या दृष्टीने ते नवीन नेटवर्क, आणि नवीन नेटवर्क बहुधा ‘पब्लिक’ म्हणून धरलं जातं. पब्लिकमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी, म्हणजे आजूबाजूची उपकरणं शोधणं, बंद. सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ करा, पण फक्त घरच्या किंवा ऑफिसच्या भरवशाच्या नेटवर्कला. मग विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत ‘विंडोज इमेज अक्विझिशन’ आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ चालू आहेत का बघा. पहिली बंद असेल तर विंडोजचं स्कॅनिंग चालणारच नाही. अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथेही नेटवर्क भरवशाचं म्हणून नोंदवावं लागतं. कामाचा व्हीपीएन चालू असेल तर एकदा बंद करून बघा. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर २०२४ च्या मॅकओएस १५ पासून प्रत्येक ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते. ती एकदा नाकारली की स्कॅनचं ॲप आंधळं होतं, आणि ‘परवानगी नाही’ म्हणायचं सोडून तेही ‘सापडला नाही’ म्हणत बसतं.

काही वेळा स्कॅनर सापडलेला असतो, फक्त त्या एका प्रोग्रॅमला दिसत नाही. ट्वेन (प्रोग्रॅम आणि स्कॅनर जोडणारी एक पद्धत) ड्रायव्हर ३२ बिटचा आणि प्रोग्रॅम ६४ बिटचा असेल तर दोघांची गाठ पडत नाही. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘ट्वेन_३२’ आणि ‘ट्वेन_६४’ अशी दोन वेगळी घरं असतात, त्यात डोकावलं की कळतं. तिथे प्रोग्रॅममध्ये ट्वेनऐवजी डब्ल्यूआयए, म्हणजे वरचं विंडोज इमेज अक्विझिशन, निवडून बघा.

‘स्कॅन टू फोल्डर’ (मशीनने स्कॅन थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकणं) अचानक बंद पडलं असेल तर तो निराळा विषय. तिथे मशीन कॉम्प्युटरला शोधतं. जुनी मशीनं एसएमबी १ ही नेटवर्कवर फाइल पाठवायची जुनी भाषा बोलतात आणि २०१७ च्या विंडोज १० आवृत्ती १७०९ पासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ते चालू नसतं. यावर ‘एसएमबी १ चालू करा’ असा सल्ला बेधडक देणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्याच २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ च्या भोकातून जगभर पसरला होता. चार पानं स्कॅन व्हावीत म्हणून ते दार परत उघडायचं? मशीनचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून एसएमबी २ येतं का बघा, नाहीतर ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर स्कॅन घ्या.

आणि कंपन्यांनो, शोधण्याच्या खिडकीत आयपी पत्ता टाकायची चौकट पहिल्याच पानावर का नाही? ती असते, पण वेगळ्या युटिलिटीत, ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत कुठेतरी पुरून ठेवलेली. लिनक्सवरच्या सेन-एअरस्कॅन या फुकटच्या स्कॅनर ड्रायव्हरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये एक ओळ लिहिली की स्कॅनर हजर, हाकेची गरजच नाही. आणि तुमचं पैसे मोजून घेतलेल्या मशीनसोबतचं सॉफ्टवेअर ‘१९२.१६८.१.७ वरून उत्तर आलं नाही’ एवढं एक वाक्य दाखवू शकत नाही? तो पत्ता त्याच्याकडे लिहिलेला असतो. तो दाखवला, तर समोरचा माणूस मशीनच्या पॅनेलवरच्या पत्त्याशी ताडून दोन मिनिटांत मोकळा होईल.