जुनी डिझेल वॅगन: फॉरवर्ड सल्ले आणि खरे बिघाड

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जुनी डिझेल स्टेशन वॅगन सारखी त्रास देत असेल तर काय करायचं, तर म्हणे: स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा, जो कोड येईल तो पार्ट बदला, पिकअप गेला म्हणजे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला, सकाळी स्टार्ट होत नाही म्हणजे हीटर प्लग (गार इंजिन सुरू व्हावं म्हणून आत तापणारा प्लग), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, मागचे लाइट-वायपर नाटकं करायला लागले की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) गेला, गाडी विका. इंडिगो मरीना, ऑक्टेव्हिया कॉम्बी सांभाळणारे आधीच मोजके. त्यांचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

डीपीएफचं आधी उरकून टाकू. आपल्याकडे डिझेल गाड्यांना तो सर्रास आला एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर. मरीनाला तो नाहीच, मग काढणार काय, सायलेन्सर? मेसेज परदेशी मजकुरावरून उचललाय हे इथेच कळतं. ईजीआर जुन्या गाड्यांत असू शकतो आणि काजळीने अडकतोही. पण तो उतरवून साफ करता येतो. पत्रा लावून बंद केला, की बऱ्याच गाड्यांत चेक लाइट कायमचा पेटतो. म्हणजे नवं दुखणं.

आता कोड. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला म्हणजे ईसीयूला हवा होता तेवढा हवेचा दाब मिळाला नाही, एवढंच. का मिळाला नाही, ते कोड सांगत नाही. इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज फाटलेला असेल, क्लिप सैल असेल, व्हॅक्यूमची नळी चिरली असेल, टर्बोच्या व्हेन (आतल्या हलत्या पात्या) काजळीने अडकल्या असतील. टर्बो खरोखरच गेलाय ही शंका यादीत शेवटी. होज तर हमखास फसवतो. वरून ठणठणीत दिसतो; चीर असते खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेशी किंवा ब्रॅकेटला घासतो तिथे. गाडी उभी असताना ती मिटलेली राहते, लोड आला की उघडते. म्हणून घाटात दम टाकणारी गाडी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते आणि मिस्त्री म्हणतो, ‘काही नाही साहेब, टर्बोच असणार.’ इंजिन गार असताना होजच्या खालून बोट फिरवा. तेलकट काळी ओल लागली तर तिथेच बघा. टर्बोवर संशय असेलच, तर हवेचा पाइप काढून शाफ्ट हलवून बघा. आडवा किंचित खेळ चालतो; पंखा बॉडीला घासत असेल किंवा शाफ्ट पुढेमागे सरकत असेल, तर मग खर्चाची तयारी ठेवा.

हीटर प्लगचा सल्ला अर्धा खरा आहे. प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या) जुन्या इंजिनांना प्लग लागतातच, पण डायरेक्ट इंजेक्शनचं (डिझेल थेट सिलिंडरमध्ये उडवणारं) इंजिन आपल्याकडच्या हवेत बहुतेक वेळा त्यांच्याशिवायही सुरू होतं. रात्रभर उभी राहिल्यावर बराच सेल्फ मारावा लागतो आणि दिवसभर एका चावीत सुरू होते, अशी तक्रार असेल तर इंधनात हवा शिरतेय का ते आधी पाहा. डिझेल टाकीकडे परत उतरतं, लाइन हवा धरते. फिल्टरनंतर तात्पुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. कारण बहुधा फिल्टर बदलताना तशीच ठेवलेली जुनी सील, किंवा वाळलेल्या रिटर्न नळ्या. सेल्फच मंद फिरत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत लावून सेल्फ मारा. अर्धा व्होल्टहून जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. हीच गंजकी अर्थिंग सेन्सरचे भलतेसलते कोडही उठवते, आणि लोक एकामागून एक सेन्सर बदलत बसतात.

राहिला ईसीयू. वॅगनचा मागचा दरवाजा मोठा, आणि त्यातला वायपर, काचेचा हीटर, नंबर प्लेटचा लाइट, या सगळ्याच्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात. प्रत्येक उघडझापीला त्या वाकतात. वर्षानुवर्षांनी इन्सुलेशन तडकतं, आतलं तांबं तुटतं किंवा बॉडीला टेकतं. दरवाजा उघडला की फ्यूज उडतो, किंवा अर्धवट उघडल्यावर वायपर चालू लागतो, ही त्याची खूण. नळी मागे सरकवा, एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. सोल्डर करताना थोडी जास्तीची मऊ वायर घाला आणि जोड वाकण्याच्या जागेपासून लांब ठेवा, नाहीतर तिथेच पुन्हा तुटेल.