‘आपापसात ठरवू द्या’ म्हणे!

कुत्रा असलेल्या घरात मांजराचं पिल्लू यायचं म्हटलं की तो मेसेज कुणीतरी हमखास पाठवतंच. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर हाच: पहिल्याच दिवशी दोघांना समोरासमोर सोडा, पिल्लू एक पंजा मारेल आणि कुत्रा कायमचा शहाणा होईल, तो शेपटी हलवतोय ना, मग काळजी नाही, जेवण एकाच ताटलीत द्या, माया लागते, आठवड्याभरात दोघं एका गादीवर झोपतील. सोबत लॅब्रेडॉरच्या पोटाशी झोपलेल्या पिल्लाचा व्हिडिओ. व्हिडिओ खरा असेलही, पण त्याआधी त्या घरात काय काय करावं लागलं ते त्यात दिसत नाही.

आधी पंजाचं बघू. 8-10 आठवड्यांचं पिल्लू किलोभराच्या आसपास भरतं आणि लॅब्रेडॉर 25-30 किलोचा. त्याला चावायचंही नसतं. खेळायला बोलावताना तो पुढचा पाय आपटतो, तेवढ्यानंही पिल्लाला जबर दुखापत होऊ शकते. बरं, पंजा बसलाच तर बसणार कुठे? नाकावर नाहीतर डोळ्यावर. पगसारख्या बटबटीत डोळ्यांच्या कुत्र्याच्या बुबुळावर ओरखडा आला की जखम चिघळते, दिवसातून चारचारदा थेंब घालावे लागतात, गळ्यात प्लास्टिकची कॉलर येते. आणि पंजा खाऊन प्रत्येक कुत्रा मागे सरतो हे कुणी सांगितलं? काही चवताळतात.

त्याहून वाईट म्हणजे पिल्लू पळतं. टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग, मग पकडणं हा शिकारीचा क्रम कुत्र्याच्या अंगातच असतो. आपण त्याला हाडवैर म्हणतो, पण त्यात वैर काही नसतं. काहीतरी छोटं पळालं की पाय आपोआप मागे धावतात. कारवानी, मुधोळ ही तर सशामागे धावण्यासाठीच जोपासलेली शिकारी कुत्री. पाठलागाची गोडी एकदा लागली की ती मोडायला महिने जातात. शिकवायचं असतं कुत्र्याला, आणि तेही आपण. मेसेज मात्र ते काम घरातल्या सगळ्यात लहान जिवावर टाकून मोकळा होतो.

पहिले काही दिवस पिल्लाला एक बंद खोली द्यावी. वन बीएचकेत बेडरूम, तेही जमत नसेल तर कोरडं बाथरूम. तिथे लिटर ट्रे (पिल्लाच्या शी-शूसाठी वाळूसारखी भर घातलेला ट्रे), पाणी, लपायला पुठ्ठ्याचं खोकं. (खिडकीला, गॅलरीला जाळी नसेल तर पिल्लू आणण्याआधी ती बसवा, घाबरलेलं पिल्लू ग्रिलच्या फटीतून सहज जातं.) या काळात ओळख फक्त वासाची: याची चादर त्याच्याकडे, त्याची याच्याकडे. दोघांचं जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना. दोघंही निवांत जेवू लागले की मग भेट. कुत्र्याला आधी चांगलं फिरवून आणायचं, पट्टा बांधलेला पण सैल ठेवायचा, मध्ये बेबी गेट (दारात लावायचं बुटकं जाळीचं फाटक) असलं तर उत्तमच. कुत्र्यानं पिल्लावरची नजर काढून तुमच्याकडे बघितलं की चिकनचा तुकडा. पाच मिनिटं पुरे. पिल्लाला हातात धरून कुत्र्याच्या नाकाशी नेऊ नका. ते तुमच्या दंडावरून, मानेवरून चढेल आणि नंतर तुमच्यापासूनही पळेल. त्याला कपाटाचा माथा, टेबल, अशी उंचावरची जागा हवी, जिथे कुत्र्याचं तोंड पोचत नाही.

शेपटीचं थोडक्यात. कंबरेपासून सगळं अंग सैल हलत असेल तर ठीक. शेपटी ताठ, उंच, झपाझप हलतेय, तोंड मिटलेलं, नजर पिल्लावर खिळलेली, तर ती मैत्री नव्हे. नावानं हाक मारा. मान वळली नाही तर त्या दिवशीची भेट तिथेच संपली.

एका ताटलीचा सल्ला तर पिल्लाच्या जिवावर उठणारा आहे. एरवी गरीब असलेला कुत्राही ताटलीपाशी गुरगुरतो, आणि पिल्लाला गुरगुरण्याचा अर्थ कळेलच असं नाही. शिवाय मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातूनच पुरेसं मिळावं लागतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू ढिले पडतात, हे 1987 मध्येच सिद्ध झालंय. कुत्र्याच्या खाण्यात ते मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही. पिल्लाचं जेवण उंचावर ठेवा, आणि लिटर ट्रे कुत्र्याला शिरता येणार नाही अशा जागी, कारण बरेच कुत्रे त्यातलं चवीनं खातात.

आठवड्याच्या मुदतीत एक अर्धसत्य आहे. मोठ्या मांजरापेक्षा पिल्लू लवकर रुळतं, कारण 2 ते 7 आठवड्यांच्या वयात भेटलेले प्राणी त्याला आपले वाटू लागतात. पण दत्तक येणारं पिल्लू बहुधा ते वय ओलांडून आलेलं असतं. काही जोड्यांना महिने लागतात, काही जन्मभर एकमेकांकडे दुर्लक्ष करतात, आणि तेही चालतंच की. तोवर घरात कुणी नसताना दोघांना वेगळं कोंडायचं.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्यानं झटके येतात, जीवही जातो. तशा कुत्र्याला अंग घासून, त्याचे केस चाटूनही विषबाधा होऊ शकते. पुढच्या वेळी गोचिडाचं औषध घेताना ‘घरात मांजराचं पिल्लू आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा, आणि घरात पडलेल्या जुन्या पिपेटवरचं (त्या औषधाच्या छोट्या नळीवरचं) नाव आजच वाचा.