चाळीस एचपीचा मोह आणि गोव्यातले कुणगे

पावसाळा तोंडावर आला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मेसेज हमखास फिरतो. मिनी ट्रॅक्टर म्हणजे बागेतलं खेळणं, आणखी दीड लाख टाका आणि ४० एचपीचा (अश्वशक्तीचा) घ्या. फोर व्हील ड्राइव्हवर पैसे घालवू नका, केज व्हील (चिखलात चालायला लावायची लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावले की टू व्हील पुरतो. सबसिडीने किंमत निम्मी होते, त्यात जीएसटी उतरला, आता थांबायचं कशाला? कंपनी मोठी असली की सर्व्हिसची चिंता नाही. आणि एकच ट्रॅक्टर भात, कुळागर (सुपारीची बाग), काजू सगळं बघतो.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण हा हिशेब घाटावरच्या सपाट, सलग आणि कोरड्या रानाचा आहे. गोव्यात पेडण्याच्या मरडीत (उंचावरच्या शेतात) किंवा दिवाडीच्या खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतात) तो लावला की बिघडतो.

«एचपी जास्त, तितका ट्रॅक्टर चांगला»

आधी एचपी म्हणजे कुठला, ते विचारा. बॉनेटवर छापलेला आकडा इंजिनचा असतो. रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार) चालतो तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथे पोचणारी ताकद इंजिनपेक्षा दोन-तीन एचपीने तरी कमी भरते. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायची ती पीटीओच्या आकड्यावर. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची यंत्र चाचणी संस्था आहे. तिचे अहवाल कोणालाही वाचायला मिळतात. त्यात पीटीओ ताकद, डिझेलचा खप आणि उचल क्षमता मोजून दिलेली असते. चिखलणीच्या चाचणीनंतर सील उघडून आत पाणी-चिखल शिरला का, तेही नोंदवतात. आपल्याकडे घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे पान उघडावं.

आता शेतात या. २० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे ६०० चौरस मीटरचा कुणगा (बांधांनी वेढलेला भातशेताचा तुकडा) धरू. छोट्या ट्रॅक्टरला चार फुटी रोटाव्हेटर, वेग ताशी अडीच किलोमीटर. १७ फेऱ्या होतात, एक फेरी ४३ सेकंदांची, आणि मेरेपाशी (बांधापाशी) वळायला १८ सेकंद धरले तर कुणगा सव्वासतरा मिनिटांत होतो. मोठ्याला सहा फुटी रोटाव्हेटर, वेग तीन किलोमीटर. फेऱ्या ११, प्रत्येकी ३६ सेकंद. पण त्याला एका दमात वळता येत नाही. पुढे, मागे, परत पुढे असं करत ४० सेकंद जातात. एकूण १४ मिनिटं. एवढा जादा पैसा घालून कुणग्यामागे वाचली तीन मिनिटं, आणि चारही कोपरे कुदळीसाठी शिल्लक राहिले ते वेगळेच.

वजनाची गोष्ट याहून मोठी. २०-२५ एचपीचा ट्रॅक्टर साधारण एक टनाचा, ४०-४५ चा पावणेदोन ते दोन टनांचा. चिखलात यंत्र आधी स्वतःचं वजन ओढतं, मग अवजार. वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या भातशेतीत वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो. पाणी धरून ठेवतो तोच. जड चाकाने तो एकदा फोडला की शेतातलं पाणी खाली मुरू लागतं, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी चाक आणखी खोल जातं. शेतापर्यंत पोचायला व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव किंवा मानशीजवळचा (खाजनातल्या पाण्याच्या दाराजवळचा) अरुंद बांध असेल तर तो किती वजन झेलेल, हा प्रश्नही खरेदीआधीचाच. जूनमध्ये नव्हे, मार्चमध्ये टेप घेऊन वाट मोजून या.

मोठा ट्रॅक्टर चुकीचाच असं नाही. शेत सलग असेल, ट्रॉलीने माती-चिरे-भात वाहायचं कायमचं काम असेल, तर ४० एचपी घ्याच. मेसेजमध्ये ही अट कुठेच नाही.

रोटाव्हेटरची रुंदी ट्रॅक्टरवरून नव्हे, टायरवरून ठरवा. मागच्या टायरांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. रोटाव्हेटर त्याहून अरुंद असेल तर चाकोरी तशीच दाबलेली मागे राहते. निदान एका बाजूने तरी तो टायरच्या बाहेर यायला हवा, नाहीतर मेरेला चिकटून चालवता येत नाही. पत्रकातला उचल क्षमतेचा आकडाही तपासून घ्या. तो बहुधा खालच्या दांड्यांच्या टोकाला मोजलेला असतो. रोटाव्हेटरचं वजन त्याहून दोनेक फूट मागे लटकतं, आणि तिथे उचल बरीच कमी होते.

«टू व्हील आणि केज व्हील पुरे»

पुरतं, पण मरडीत. खाजनात आणि पाणथळ वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या शेतात) पुढची चाकं नुसती ढकलली जातात. समोर चिखलाचा ढीग साचतो आणि स्टीअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं स्वतः ओढतात, म्हणून वळण मिळतं.

अडकलेल्या ट्रॅक्टरच्या केज व्हीलला आडवं लाकूड बांधून पुढे काढायची एक पद्धत आहे. ती जीवघेणी आहे. मागची चाकं जखडली की इंजिनचा सगळा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्यात जातो, आणि तो पाठीवर उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. अडकला तर मागे घेऊन बघा. नाही निघाला तर इंजिन बंद करून दुसऱ्या ट्रॅक्टरने लांब साखळीने ओढा.

फोर व्हीलचा खर्चही मेसेज सांगत नाही. पुढचा ॲक्सल बंदिस्त असतो, पण सील झिजलं की पाणी आत जातं. चिखलणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा त्याचा तळाचा प्लग किंचित सैल करून चार थेंब बोटावर घ्या. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तेल बदला आणि सील बघा. भाताचा पेंढा किंवा नायलॉनचा दोरा चाकाच्या आसाला गुंडाळला गेला की सील कापलं जातं, म्हणून रोज संध्याकाळी तो सोडवून टाका. खाजनातलं पाणी खारं असतं. काम संपल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरची धार सीलवर किंवा वायरिंगवर मारू नका. ग्रीस जुनं बाहेर येईपर्यंत भरा. आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह बंद करा. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त फिरतील अशी रचना असते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर ती घासली जातात. टायर बदलतानाही मूळ मापच हवं.

«सबसिडीने निम्मी किंमत, त्यात जीएसटी उतरला»

जीएसटीचं खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण याचा अर्थ जुनी किंमत सात टक्क्यांनी उतरली असा होत नाही. पूर्वी ५,६०,००० ला मिळणाऱ्या ट्रॅक्टरची करापूर्वीची किंमत ५,००,०००. आता तो ५,२५,००० ला यायला हवा. फरक ३५,०००, म्हणजे सव्वासहा टक्के. कोटेशनवर करापूर्वीची किंमत आणि कर वेगवेगळे लिहून मागा. मूळ किंमतच वाढवलेली असेल तर लगेच दिसते.

सबसिडीत दोन गोष्टी मेसेज गाळतो. टक्के कितीही लिहिलेले असोत, सोबत रकमेची कमाल मर्यादा असते, आणि दोन्हींतलं जे कमी तेच मिळतं. शिवाय ती विमा, नोंदणी, केज व्हील यांवर नसते. बुकिंगची रक्कम देण्याआधी आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन जा. नेमकं तेच मॉडेल बसतं का, मर्यादा किती, पूर्वमंजुरी लागते का आणि पैसे कधी व कुठे जमा होतात, हे विचारा.

उदाहरणादाखल आकडे मांडू. ट्रॅक्टर ५,२५,०००, रोटाव्हेटर ८५,०००, अर्धे केज व्हील २०,०००, नोंदणी आणि विमा २५,०००. झाले ६,५५,०००. मर्यादेमुळे सबसिडी समजा २,००,००० मिळाली. खिशातून गेले ४,५५,०००, निम्मे नव्हे. आणि सबसिडी जमा होईपर्यंत पूर्ण रकमेची सोय तुमचीच.

कर्जाचंही असंच. «फक्त ७ टक्के» ऐकलं की फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिलकीवर, हे विचारा. चार लाख, पाच वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज १,४०,००० आणि महिन्याचा हप्ता ९,०००. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर साडेबारा टक्के होतो.

मग घ्यावा की नाही? दोन हेक्टर शेत, सरद (पावसाळी) आणि वायंगण दोन्ही पिकं, प्रत्येकी तीन पाळ्या. छोटा ट्रॅक्टर कुणगे बदलत तासाला १,८०० चौरस मीटर करतो, म्हणजे हेक्टरला साडेपाच तास. वर्षाला ६६ तास. ४,५५,००० दहा वर्षांत वाटले तर वर्षाला ४५,५००, तासाला सुमारे ६९० रुपये. तीन लिटर डिझेल ९० च्या भावाने २७०. झाले ९६०, आणि यात चालक, व्याज, दुरुस्ती काहीच नाही. गावात भाड्याचा दर याहून कमी असेल आणि ट्रॅक्टर वेळेवर मिळत असेल, तर विकत घेण्यात तोटा आहे. शेजाऱ्यांचं धरून २०० तास भरणार असतील तर तोच आकडा ५०० च्या आसपास येतो. वेळेवर मिळणं ही अट मात्र हलकी समजू नका. जूनचे ते पंधरा दिवस सगळ्यांना एकदमच हवे असतात.

«कंपनी मोठी, सर्व्हिसची चिंता नाही»

कंपनी मोठी असून उपयोग नाही, मेकॅनिक जवळ हवा. डीलरकडे क्लच प्लेट, पुढच्या ॲक्सलचं सील आणि फिल्टर आज शेल्फवर आहेत का, ते उघडून दाखवायला सांगा. बेळगाव-कोल्हापूरहून मागवतो म्हणाला तर लावणीचे दोन दिवस गेले समजा. वॉरंटी वर्षांत आणि तासांत, जे आधी संपेल ते. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते. ती चुकवली की पुढचा दावा अडकतो.

डिलिव्हरीच्या दिवशी पीटीओ शाफ्ट बघा. रोटाव्हेटरसोबत आलेला शाफ्ट छोट्या ट्रॅक्टरला बऱ्याचदा लांब पडतो. तो कापून बसवावा लागतो, आणि घाईत ते राहून जातं. रोटाव्हेटर उचलताना दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून टेकल्या, तर धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. कमी लांबी भरली तर नळ्या निसटतात. सगळ्यात लांब स्थितीतही एक तृतीयांश भाग आत राहायला हवा.

«एकच ट्रॅक्टर सगळं बघतो»

सुपारीची लागवड सहसा ९ फूट बाय ९ फुटांवर असते. सव्वा मीटरच्या आत रुंदीचा ट्रॅक्टर ओळीतून जातो, पण पाट, उतरत्या पायऱ्या आणि वळायला जागा नाही, अशा सत्तरी-फोंड्याच्या कुळागरात तो फिरणार कुठे? सुपारीची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, रोटाव्हेटर ती कापून काढतो. तिथे पॉवर वीडर आणि ढकलगाडीच बरी.

काजूच्या जांभ्या डोंगरावर तर रोटाव्हेटर नेऊच नये. दगडावर पाती वाकतात, आणि छोटा ट्रॅक्टर अरुंद असल्यामुळे आडव्या उतारावर पटकन कलंडतो. जावंच लागलं तर उभ्या दिशेने, खालच्या गिअरमध्ये, आणि उतरताना क्लच न दाबता. मागे संरक्षक कमान असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधा. फांद्यांखालून जायला ती दुमडली असेल तर पट्टा सोडा, कारण कलंडताना उडी मारता आली पाहिजे.