'बिझी टू सेल'? सोनेरी नियम आणि सांगलीची हळद

"विशेषणानंतर डोळे झाकून टू लावा, आयएनजी दिसलं की चूक." सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या क्लासमध्ये निम्म्या पोरांच्या मोबाइलवर इंग्रजी व्याकरणाचा हा 'सोनेरी नियम' सांगणारा मेसेज फिरतोय. टू म्हणजे to, आयएनजी म्हणजे क्रियापदाला लागणारं -ing.

बरोबर तेवढं आधी मान्य करू. 'इझी टू लर्न', 'रेडी टू गो' इथे टूच. शिकायला सोपं, जायला तयार. आपल्या '-आयला'च्या जागी टू नेमका बसतो, म्हणून तर नियम चटकन पटतो.

पण मराठीत तरी सगळीकडे '-आयला' चालतं का? 'पोहायला पटाईत' कुणी म्हणत नाही, 'पोहण्यात पटाईत' म्हणतात. इंग्रजीतही 'गुड ॲट स्विमिंग'च. ॲट, ऑफ, इन, फॉर आले की पुढचं क्रियापद आयएनजी घेऊनच येणार. कधी असा शब्द मध्ये नसतानाही आयएनजीच येतं. 'बघण्याजोगं' म्हणजे 'वर्थ सीइंग'. मार्केट यार्डातला शेतकरी हळद विकण्यात गुंतलाय, म्हणजे 'बिझी सेलिंग टर्मरिक'. 'बिझी टू सेल' नव्हे. मेसेजवाल्यानं पुरावा म्हणून 'आय ॲम टू बिझी टू कम' दिलंय. वाक्य बरोबर, पुरावा फुसका. तिथला दुसरा टू बिझीमुळे नाही, 'अति' अर्थाच्या पहिल्या टूमुळे (too) आलाय.

पुढचा दावा: टूनंतर क्रियापद मूळ रूपातच. मग 'आय ॲम युज्ड टू गेटिंग अप अर्ली' चूक ठरेल, आणि ते तर शंभर टक्के बरोबर आहे. टूपुढे नाम ठेवून बघा. 'युज्ड टू द हीट', उन्हाची सवय, बसतं. नाम बसलं की क्रियापदालाही आयएनजी लावायचं. 'रेडी टू गो'मध्ये 'गो'च्या जागी 'द हीट' ठेवा बरं!

खरा राग येतो तो त्याच मेसेजमधल्या, स्वतःचाच नियम मोडणाऱ्या "कुठलंही वापरा, अर्थ एकच" या ओळीचा. कुठलंही म्हणजे टू किंवा आयएनजी. समजा, आयर्विन पुलाखाली कृष्णा 40 फुटांच्या इशारा पातळीला टेकलीय आणि एक पोरगा कठड्याशी उभा आहे. 'अफ्रेड टू जंप' म्हटलं तर त्याला उडी मारायचं धाडस होत नाहीये. मारायची की नाही हे त्याच्या हातात आहे. 'अफ्रेड ऑफ फॉलिंग' म्हटलं तर तोल जाऊन पडेन अशी धास्ती. पडणं कुणी ठरवून करत नाही. मराठीत 'उडी मारायला घाबरतो' आणि 'पडण्याची भीती वाटते' यांत आपण कधी घोळ घालतो का? सॉरीचंही तसंच. दार वाजवून आत येताना 'सॉरी टू डिस्टर्ब यू'. काल ओरडलो त्याबद्दल आज 'सॉरी फॉर शाउटिंग'.

राहिलं 'नाइस'. पहिल्यांदा भेटताना 'नाइस टू मीट यू', निरोप घेताना 'नाइस मीटिंग यू'. हे दुसरं पेपरात फारसं येत नाही, पण मुलाखतीच्या खुर्चीवरून उठताना उपयोगी पडतं.