कुठल्या डोळ्याचं झालं?

काल सकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आत आल्या. माझ्याकडे निरखून पाहिलं, आवाज हलका केला आणि विचारलं, "कुठल्या डोळ्याचं झालं?"

मला कळेपर्यंत पहिला मजला गेला.

"कसलं, काकू?"

"मोतीबिंदूचं हो. बोलला नाहीत ते! आमच्या ह्यांना पण अगदी असाच दिला होता. फुकट देतात ना, तोच."

फुकट. ४,६५० रुपये मोजलेत मी. आणि माझं वय ४६ आहे. तळमजला आला, दार उघडलं. "नाही हो, हा साधा गॉगल आहे" एवढंच म्हणालो. काकूंनी मान डोलावली. आजार लपवणाऱ्या माणसासमोर डोलावतात तशी.

आता हा गॉगल का घेतला, ते थोडक्यात. घर कोथरूडला, नोकरी हडपसरला. म्हणजे सकाळी जाताना सूर्य तोंडावर आणि संध्याकाळी परत येताना पुन्हा तोंडावर. ज्या माणसानं घर पश्चिमेला आणि नोकरी पूर्वेला घेतली त्याला शाळेत दिशा शिकवल्या नव्हत्या काय, असं मी रोज म्हात्रे पुलावर स्वतःलाच विचारतो. वर्षानुवर्षं असं स्कूटरवरून गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, नाकाच्या बाजूनं, किंचित मांस वाढायला लागलंय. ऊन, वारा, धूळ. घाबरू नका, पण गॉगल लावत जा. चांगला.

गॉगल माझ्याकडे होता. फर्ग्युसन रस्त्यावर फुटपाथवरून घेतलेला, १५० रुपयांचा. विकणारा पोरगा म्हणाला होता, "ओरिजनल फर्स्ट कॉपी आहे साहेब, सेकंड कॉपी नाही." या वाक्याचा अर्थ मी अजून लावतोय. रे-बॅन हे नाव म्हणजे 'किरणांना बंदी'. १९३७ साली, वैमानिकांच्या डोळ्यांना ऊन लागू नये म्हणून हा गॉगल आला. माझ्या गॉगलवर त्या नावात एक 'एन' जास्तीचा होता. जास्तीचं दिलं म्हणून भांडायचं कसं? तिसऱ्या महिन्यात त्याची एक काडी निखळली. पण टाकवेना, म्हणून तो बॅगेत पडून होता.

तर 'चांगला' गॉगल घ्यायला मी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथे काका बसले होते.

काका दुकानाचे नव्हते, दुकानदाराचे नातलगही नव्हते. चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आले होते. तो केव्हाच घट्ट झाला होता, चष्मा नाकावर होता, समोरचा चहा संपला होता. आता त्यांना काही काम नव्हतं आणि मी आत शिरलो.

"गॉगल?" काकांनी विचारलं. दुकानदाराच्या आधी.

"हो."

"काळाकुट्ट घ्या. जितका काळा तितका चांगला."

डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर दोन रात्री मोबाइलवर वाचून माझ्या अंगात ताजं ज्ञान होतं. असा माणूस धोकादायक असतो. मी म्हणालो, "काका, काळेपणाचा संबंध नाही. अतिनील किरण अडले पाहिजेत. नुसती काळी काच लावली तर डोळ्याला वाटतं अंधार झाला, बाहुली मोठी होते, आणि काच ते किरण अडवत नसेल तर उलट जास्तच आत जातात."

काकांनी विचार केला. "म्हणजे पडदा लावला, पण त्यामागचं दार टाकलं उघडं."

"अगदी तसंच."

"मग ते किरण दिसतात का?"

"नाही, दिसत नाहीत."

"मग अडवले की नाही ते कशावरून?"

या प्रश्नापाशी माझ्या दोन रात्री संपल्या. दुकानदार (शांत पोरगा, त्याला हे रोजचं असावं) म्हणाला, "यूव्ही फोर हंड्रेड आहे, काका. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे अडवतो. दाखवतो." त्यानं खणातून पेनाएवढी टॉर्च काढली आणि मला म्हणाला, "साहेब, एक नोट द्या."

नोट माझीच का, हे विचारायला हवं होतं. शंभराची दिली. टॉर्चचा जांभळट उजेड पडला तसे नोटेवरच्या नंबराचे आकडे चमकायला लागले. मध्ये गॉगल धरला, चमक गेली. काढला, आली. मला पटलं. मी पाकिटात हात घातला होता, खरंच घातला होता. तेवढ्यात काका उठले.

त्यांनी दुकानदाराच्या हातातून टॉर्च घेतली, स्वतःचा चष्मा काढला, पांढऱ्या भिंगाचा, साधा, नंबरचा, आणि नोटेवर धरला.

चमक गेली.

"अरे!" काका म्हणाले. "म्हणजे मी इतकी वर्षं गॉगलच घालतोय!"

दुकानदाराला मान्य करावं लागलं. काकांचं भिंग पॉलिकार्बोनेटचं होतं आणि ते मुळातच हे किरण शोषून घेतं. रंग नसला तरी. आणि हे मान्य करणं ही त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक. कारण त्यानंतर काकांनी दुकानाची तपासणी सुरू केली. काउंटरची काच: नापास, आकडे खालून लखलख चमकले. चहाचा ग्लास: नापास. माझं हेल्मेट उलटं करून त्याची पुढची काच: पास. स्वतःचा तळहात: पास, आणि यावर ते मनापासून हसले. एक बाई मुलीचा चष्मा न्यायला आल्या होत्या, त्यांचाही तपासून झाला. नोट माझीच. मध्येच एकदा ती काकांनी घडी घालून सवयीनं खिशात ठेवली. मी मागून घेतली.

मग माझीच बुद्धी फिरली. बॅगेतून तो एका काडीचा 'फर्स्ट कॉपी' काढला. म्हटलं, आता याची अब्रू जाऊ दे, म्हणजे ४,६५० रुपये सुखानं देता येतील.

काकांनी धरला. चमक गेली. पास.

दुकानात शांतता पसरली. काका माझ्याकडे, मी दुकानदाराकडे, दुकानदार टॉर्चकडे.

"टॉर्चचा उजेड एकाच जातीचा असतो साहेब, त्यावरून सगळं कळत नाही," तो म्हणाला. खरं आहे ते, पण पाच मिनिटांपूर्वी त्याच उजेडात मी पाकीट काढत होतो. मग त्यानं मला दुसरी परीक्षा दाखवली, आणि ती मात्र कामाची निघाली. गॉगल हातभर लांब धरायचा, त्यातून दाराच्या चौकटीची उभी कड बघायची आणि गॉगल हळूहळू डावी-उजवीकडे सरकवायचा. त्याच्या गॉगलमधून कड सरळ राहिली. माझ्या दीडशेवाल्यातून चौकट गांडुळासारखी वळवळली. संध्याकाळी घरी पोचल्यावर कपाळ का ठणकायचं, ते तेव्हा कळलं. मी त्याचा दोष ऑफिसला देत होतो.

काकांचं लक्ष तोवर काडीच्या आतल्या बाजूच्या आकड्यांकडे गेलं. '६२, चौकोन, १६, १३०.'

"भिंग ६२ मिलिमीटर, मधला पूल १६, काडी १३०," दुकानदार म्हणाला. "हे आकडे डब्यावरच्या नंबराशी जुळवून बघायचे. ओरिजनल असेल तर नीट कोरलेले असतात, नखानं खरवडले तरी जात नाहीत."

काकांनी नखानं खरवडलं. मग आरशासमोर जाऊन अंगठा आणि तर्जनीनं स्वतःच्या नाकाचं माप घेतलं. "माझं सोळाच्या वर आहे," ते समाधानानं म्हणाले.

"आणि हे कॅटेगरी तीन काय? चार नाही का? चार दाखवा यांना."

"चार फार गडद, काका. ते घालून गाडी चालवायची नसते. हिमनदी, बर्फाचे डोंगर, तिथे वापरतात."

"मग पुण्याचा एप्रिल काय कमी आहे?"

यावर दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

शेवटी घेतला. बाजूनंही ऊन आणि धूळ शिरू नये म्हणून कानशिलापर्यंत वळलेला, रुंद, पोलराइज्ड, म्हणजे रस्त्यावरून, काचांवरून उलटून येणारी चमक मारणारा. फ्रेम वाकवली तरी मोडत नाही असं दुकानदारानं वाकवून दाखवलं, नंतर काकांनीही वाकवून दाखवलं, आणि तेवढा वेळ मी श्वास धरून होतो. आता लक्षात येतं की डोळ्याला जितका जास्त झाकेल तितका गॉगल मोतीबिंदूच्या गॉगलसारखा दिसणार, हे उघडच होतं. त्या दवाखान्यांनाही डोळा झाकायचाच असतो. पण तेव्हा आरशात बघताना मी स्वतःला वैमानिक दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी स्कूटर सुरू केली आणि समोरचा डिस्प्ले गायब. वेग नाही, पेट्रोल नाही, काही नाही. मान डावीकडे वाकडी केली, सगळं परत आलं. दुकानात फोन केला. "पोलराइज्ड आहे ना साहेब, स्क्रीनचं तसं होतं." हे बिल करायच्या आधी सांगता आलं असतं. टॉर्च दाखवायला वीस मिनिटं होती, एवढं एक वाक्य बोलायला नव्हती. वॉरंटीचं विचारलं. ओरखड्याला नाही. स्क्रूला नाही. काडीला नाही. मग कशाला आहे? "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट." तो कोण ठरवणार? "कंपनी."

मला राग येतो तो याचा. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी वाचू शकतो, गिरणीतलं पीठ चिमटीत घेऊन बघू शकतो. डोळ्यावर लावायची वस्तू मात्र मी कशावरून घ्यायची? 'यूव्ही ४००'चं सोनेरी स्टिकर दीडशेवाल्यावरही होतं, ४,६५० वाल्यावरही आहे, आणि दोन्ही स्टिकरं सारखीच चमकतात. जे अडवायचं ते दिसत नाही, जे दिसतं त्यानं काही अडत नाही. मधल्या मध्ये माझी शंभराची नोट आणि एक रिकामटेकडे काका. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या प्रकरणात खरा प्रश्न एकट्या काकांनीच विचारला होता.

हेल्मेटचं तर सांगितलंच नाही. गॉगल लावून हेल्मेट जात नाही. हेल्मेट घालून मग गॉगल सरकवायचा, तर वळलेली काडी कानावरून निसटून केसांत जाते. सिग्नलला रोज हा कार्यक्रम. मागचे हॉर्न वाजवतात. मग मी निघतो, डिस्प्ले बघायला मान डावीकडे झुकवून, रुंद काळा गॉगल लावून, सावकाश. शेजारच्या रिक्षावाल्यानं परवा विचारलं, "काका, सोडू का कुठे?"

आज लिफ्ट बंद होती. गिरणीतून दळणाचा डबा आणला होता, बारा किलो, आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर डबा टेकवला तोच वरून काकूंचा आवाज आला, "अरे, धाव! त्यांना उचलू देऊ नकोस! ऑपरेशननंतर जड उचलायचं नसतं!" त्यांचा मुलगा दोन-दोन पायऱ्या उतरत आला, जिममध्ये जाणारा, डबा एका हातात उचलून चालायला लागला.

"कुठल्या डोळ्याचं, काका?" त्यानं वळून विचारलं.

मी गॉगल नीट केला.

"उजव्या," म्हणालो. "डाव्याचं दिवाळीनंतर."